रेषा किती ओढायच्या

लेथवर हत्यार जॉबमध्ये आत घालायला एक मूठ असते. मुठीच्या मागं, स्क्रूच्या दांड्यावर, एक कडं बसवलेलं असतं. कड्यावर बारीक रेषा आणि दर दहा घरांवर आकडा. टर्नर लोक त्याला डायल म्हणतात. ज्यानं कधी लेथ पाहिला नाही त्याला सांगायचं तर तराजूला जसा काटा, तशी लेथला ही डायल. मूठ एक घर फिरवली की हत्यार इंचाच्या हजाराव्या भागानं पुढं सरकतं. या हजाराव्या भागाला वर्कशॉपात 'थाऊ' म्हणतात. डोक्याचा केस जाडीला दोन-तीन थाऊ भरतो, म्हणजे आपण किती बारीक बोलतोय ते कळेल.

आमच्या लेथला डायल होती, पण ती नावाला. आबांनी तो लेथ जुना घेतलेला. कुठल्या कुठल्या हातांतून फिरून येरळेकाठच्या आमच्या पत्र्याच्या शेडमध्ये आलेला. तेलकट बोटांनी आणि पॉलिश पेपरनं वर्षानुवर्षं घासून घासून डायलच्या रेषा देवळातल्या दगडी कासवाच्या पाठीसारख्या गुळगुळीत झालेल्या. आबा मुठीवर खडूची खूण करायचे, हातात कॅलिपर धरायचे आणि थोडं उतरव, मोज, थोडं उतरव, मोज, असं काम चालायचं. पंपाचा शाफ्ट असो की चरकाच्या लाटेची खुंटी, काम चोख व्हायचं. वेळ मात्र दुप्पट जायचा. नवी डायल विकत आणायची तर त्या लेथचे सुटे भाग मिळत नव्हते. मग आबांनी ती घरीच करायचं ठरवलं.

लेथच्या स्क्रूला इंचात दहा आटे होते. म्हणजे मुठीचा एक पूर्ण फेरा झाला की हत्यार इंचाच्या दहाव्या भागानं, म्हणजे शंभर थाऊंनी सरकणार. कड्याचे सारखे शंभर भाग पाडले की एक भाग बरोबर एक थाऊचा. हिशोब इतका सोपा. पण सारखे शंभर भाग पाडायचे कसे? दोन इंच व्यासाच्या पितळी कड्यावर एक घर जेमतेम अर्धा सूत रुंद पडतं. तिथं कंपास लावून खुणा करत गेलं तर पन्नासाव्या घरापर्यंत किती वाहावत जाऊ याचा भरवसा नाही. शंभर दात्यांचं गियर असतं तर त्याचा एकेक दाता सोडत काम झालं असतं. पण लेथबरोबर आलेल्या गियरांत नेमकं तेच नव्हतं.

आबांनी काढलेली वाट अशी. प्लायवुडची एक मोठी चकती कापली, साधारण सोळा इंचांची. लेथच्या डोक्यातला पोकळ दांडा मागच्या बाजूला बाहेर निघतो, त्याच्या शेपटीला ती घट्ट बसवली. बांधकामावरच्या एका मुकादमाची चपटी पोलादी टेप मागून आणली आणि चकतीच्या कडेभोवती गुंडाळून पाहिली. पन्नास इंचाची खूण शून्याला येऊन भिडायला हवी होती. ती बोटभर मागं राहिली. चकती मोठी होती. मग पट्टा चढवून लेथ फिरवायचा, फिरत्या कडेला काचपेपर धरायचा, थांबवायचं, टेप गुंडाळायची, बघायचं. हे दोन दिवस चाललं होतं. टेप धरायचं काम माझ्याकडं. तिसऱ्या दिवशी सकाळी पन्नास आणि शून्य एकमेकांवर असे येऊन बसले की मधे नख घालायला फट नाही.

आता टेपवरच्या दर अर्ध्या इंचाला, म्हणजे दर चार सुतांना, चकतीवर चाकूनं खूण. झाली शंभर घरं. एका लाकडी घोडीवर दाभणाची सुई बसवली, तिचं टोक चकतीच्या कडेशी. पुढच्या बाजूला चकमध्ये पितळी कडं, आणि हत्याराच्या जागी टोकदार घासलेलं पोलाद. सुईवर खूण आणायची, पाचर मारून दांडा पक्का करायचा, हत्यार रेटून कड्यावर एक रेष ओढायची, पाचर काढायची, पुढची खूण. दहाव्या रेषेला लांब, पाचव्याला मध्यम, बाकीच्या आखूड. शंभर घरं संपवून चकती पुन्हा पहिल्या खुणेवर आणली तेव्हा हत्याराचं टोक पहिल्याच रेषेत जाऊन बसलं. मधे कुठं कडं घसरलं नव्हतं याची ती पावती. मग आकड्यांचे ठोके मारले, रेषांत काजळी आणि रोगण भरलं, वरचं पुसून काढलं.

यातल्या दोन गोष्टी माझ्या डोक्यात कायमच्या बसल्या. एक, मोठ्या चाकावर केसभर चुकलं तर चार सुतांच्या घरात त्या चुकीला काही किंमत राहत नाही. तीच केसभर चूक थेट कड्यावर झाली असती तर घराचा विसावा हिस्सा खाऊन बसली असती. दुसरी जास्त नवलाची. मुकादमाची ती टेप खरीच पन्नास इंच होती का? सगळीकडून सारखी चोरटी असली, म्हणजे तिचा इंच इंचाला थोडा कमी असला, तरी आपलं काही बिघडत नव्हतं. वर्तुळ पुरं बंद झालं की झालं. सारखेपणाला बाहेरच्या मापाची गरज पडत नाही, लांबीला पडते. सरळ पट्टीची चूक पट्टीला स्वतःला कधीच कळत नाही. वर्तुळाचं शेपूट तोंडाशी आलं की आपोआप कळतं.

पुढं आयटीआयला गेल्यावर या धंद्याचा इतिहास थोडा वाचायला मिळाला. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला लंडनला हेन्री मॉडस्ले यांच्या कारखान्यात एक मापयंत्र होतं. इंचात शंभर आट्यांचा स्क्रू आणि त्याच्या चाकावर शंभर घरं. मापावरून दोन कामगारांत वाद झाला की शेवटचा निवाडा त्या यंत्रापुढं व्हायचा, म्हणून त्याचं नावच पडलं 'लॉर्ड चॅन्सेलर', तिकडच्या मोठ्या न्यायाधीशाचं. त्याच कारखान्यात काम केलेल्या जोसेफ व्हिटवर्थ यांनी १८४० साली एक निबंध वाचला, तो लोखंडाचे अगदी सपाट पाट कसे करायचे यावर. त्यात दोन पाट एकमेकांवर घासून भागत नाही. एकाला फुगवटा आणि दुसऱ्याला तेवढाच खोलगटपणा असला तरी दोघं एकमेकांत गच्च बसतात आणि सपाट असल्याचा आव आणतात. म्हणून तीन पाट घ्यायचे. पहिला-दुसरा, दुसरा-तिसरा, तिसरा-पहिला अशा जोड्या लावायच्या. आमच्याकडं तेलात कालवलेला शेंदूर लावतात. जिथं रंग लागेल तो उंचवटा खरवडायचा. तीनही जोड्या बसल्या की तिन्ही पाट सपाट, दुसरा इलाजच नाही. दोघांचं जमलं म्हणजे खरं झालं असं नव्हे, हे मला भावकीच्या वाटण्यांत पुष्कळदा आठवलेलं आहे. असो.

म्हणजे ओबडधोबड हत्यारांतून नेमकं हत्यार निघू शकतं. पण डायल नेमकी झाली म्हणून लेथ नेमका झाला का? नाही. खरी गंमत इथंच आहे. डायल सांगते ती मूठ किती फिरली एवढंच. हत्यार किती सरकलं ते स्क्रू आणि नट ठरवतात, आणि आमचा स्क्रू मधल्या भागात झिजलेला, कारण सगळं काम मधेच चालतं. नट ढिला. मूठ पुढं फिरवता फिरवता उलटी फिरवली की सात-आठ घरं नुसती रिकामी जायची. आकडा बदलतो, हत्यार जागेवर. (पुढारी लोकांची प्रगती-पुस्तकं वाचताना मला हा रिकामा फेरा आठवतो.) म्हणून जाणता टर्नर नेहमी एकाच बाजूनं मापावर येतो. आबांनी नव्या डायलवर तुकडे कापून मायक्रोमीटरनं पाहिलं. दहा घरं दिली की जॉबचा व्यास वीस थाऊंनी उतरायला हवा, कारण हत्यार एका अंगानं कापतं आणि जॉब फिरताना ते दोन्ही अंगांनी जातं. तो कधी एकोणीस उतरायचा, कधी एकवीस. आबा म्हणाले, "थाऊला लेथ कसाबसा जागतो. त्याखाली त्याला काय कळत न्हाई." कडं दांड्यावर सैल करून कुठंही शून्य लावता यायचं. शून्य आपल्या सोयीचं, घरं मात्र आपल्या सोयीची नव्हेत.

ही डायल बघायला लोक येऊ लागले. आणि मग आलं १९७२ साल.

दुष्काळाचं नव्यानं काय सांगायचं! येरळा वाळूची झाली, विहिरींचे तळ दिसले. पाणीच नाही तर इंजिन-पंप कोण चालवणार? आणि चालवलं नाही तर ते मोडणार कसं? आमचा धंदा मोडलेल्या इंजिनांवर. माणसं खडी फोडायला गेलेली, घरात मिलोच्या भाकरी. अशात तालुक्याच्या गावचा एक व्यापारी शेडमध्ये आला. जुने लेथ गोळा करायचे, रंगरंगोटी करायची आणि विकायचे, हा त्याचा धंदा. १९६९ ला बँकांचं राष्ट्रीयीकरण झाल्यापासून खेड्यापाड्यांतली शिकलेली पोरं कर्ज काढून असली यंत्रं घेऊ लागली होती. त्याला बारा डायली हव्या होत्या. पण शंभर घरांच्या नकोत, दोनशेच्या. पैसे दीडपट देणार, निम्मे आधी.

चकतीवर दर दोन सुतांना खूण केली की दोनशे घरं तयार. काम अवघड काहीच नव्हतं.

आबांनी विचारलं, "लेथचं स्क्रू कसं हायत?"

"जुनं हायत मिस्त्री. जुन्या लेथला जुनाच स्क्रू असणार की."

"मग अर्ध्या थाऊची रेष कशाला?"

"गिऱ्हाईक डायल बघतंय. बारीक रेषा दिसल्या की मशीन भारीतली वाटती."

"मंजी ती रेष लेथ इकायला पायजे," आबा म्हणाले, "काम करायला नगं."

शंभर घरांच्या बारा करून देतो, असं आबा म्हणाले. व्यापारी हसला आणि "मग ऱ्हाऊ द्या" म्हणून चहा न घेताच गेला. तो गेल्यावर नाना, म्हणजे माझे चुलते, आबांवर उखडले. एरवी थोरल्या भावापुढं त्यांचा आवाज चढत नसे.

"दादा, ह्यात खोटं काय हाय ते सांगा मला. इंचाच्या धाव्या हिश्शाचं दोनशे भाग. भाग सारखं पडलं का न्हाई? पडलं. रेष खरी का न्हाई? खरी. पुढं स्क्रू ढिला निघाला तर त्यो त्येच्या नशिबाचा. सदरा शिवणाऱ्यानं, घालणारा कुठं जाणार ह्ये इचारायचं असतंय व्हय?"

नानांचं म्हणणं कच्चं नव्हतं. आजही नाही. रेष खरोखरच खरी असणार होती. शिवाय बारीक रेषा असल्या तर हाताला अंदाज घ्यायला बऱ्या, असंही म्हणता येतं. आबांकडं याला मोठं उत्तर नव्हतं. ते एवढंच म्हणाले, "रेष मारली मंजी मी सांगितलं की हितवर फरक कळतो. मला ठावं हाय की कळत न्हाई. मग मी का सांगू?"

हा प्रश्न मी पुष्कळ वर्षं वागवला आहे. खोटं बोलणं म्हणजे असलेलं नाही म्हणणं आणि नसलेलं आहे म्हणणं, एवढं सगळ्यांना समजतं. पण जेवढं ठाऊक आहे त्यापेक्षा बारीक बोलणं? प्रत्येक शब्द खरा, आणि सगळं मिळून ऐकणाऱ्याची समजूत मात्र चुकीची. आपल्या जुन्या न्यायशास्त्रात ज्ञानाची चार प्रमाणं सांगितली आहेत: प्रत्यक्ष, अनुमान, उपमान आणि शब्द. शब्द म्हणजे आप्ताचं वचन. आणि आप्त कोण? ज्याला वस्तू जशी आहे तशी ठाऊक आहे आणि जो ती तशीच सांगू पाहतो, तो. दोन्ही अटी हव्यात. डायल वाचणारा पोरगा स्क्रू उघडून बघत नाही, बघू शकत नाही. तो रेषेवर विश्वास ठेवतो. त्याच्यासाठी ती रेष म्हणजे शब्द आहे, आणि शब्द कुणाचा? रेष मारणाऱ्याचा. प्रमाण या शब्दाचा अर्थ पुरावाही होतो आणि मापही, हे मला उगीच वाटत नाही.

उलट आईचं माप बघा. घरात पायली, अधोली, शेर, मापटं, चिपटं अशी जुनी मापं होती. सरकारी शिक्क्याची किलो-लिटरची मापं १९५८ पासून येऊ लागली, पण खळ्यावर पायलीच चालायची. आई धान्य मोजायला बसली की पहिल्या मापाला 'एक' म्हणायची नाही, 'लाभ' म्हणायची. लाभ, दोन, तीन. बलुतेदाराला घालताना मापावर शीग लावायची, वरून दोन दाणे सांडेपर्यंत. आबांच्या हिशोबानं ते माप भोंगळच. एक शीग दुसरीसारखी कधी येत नाही. पण घेणाऱ्याला ठाऊक असायचं की आपल्याला काय मिळणार. आणि बाजारात एका आडत्याकडं द्यायची पायली वेगळी, घ्यायची वेगळी, असं सगळं गाव म्हणायचं. त्याचं माप कसं, दांडकं फिरवून अगदी चोख, एक दाणा वर नाही. नेमकेपणा आणि खरेपणा ही सख्खी भावंडं असल्यासारखं आपण बोलतो. नेहमीच तसं असतं असं मला वाटत नाही.

आता दुसरी बाजूही लिहिली पाहिजे, नाहीतर आबांची आरती होईल. व्यापारी गेला त्यानंतरच्या पौर्णिमेच्या आत आईच्या पाटल्या सराफाकडं मोडल्या गेल्या. शेडचं भाडं थकलं होतं, इंजिनाच्या कर्जाचा हप्ता होता, घरात खाणारी नऊ माणसं. प्रामाणिकपणा आबांचा आणि पाटल्या आईच्या. माणसानं स्वतःच्या जिवावर सचोटी करावी, ती शोभते. दुसऱ्याच्या हातातलं सोनं उतरवून केलेल्या सचोटीला काय म्हणायचं? मी बऱ्याच वर्षांनी आईला हे विचारलं. ती वाती वळत होती. म्हणाली, "सोनं काय, दुष्काळात मोडायलाच असतंय." आणि मग थोडं थांबून, "पर इचारायला पायजे हुतं त्येंनी. मी नगं म्हणले नसते."

ते शेवटचं वाक्य मला आबांच्या सगळ्या युक्तिवादापेक्षा जड वाटतं. आबांनी शेडमध्ये उभ्या उभ्या निकाल दिला. पत्र्यापलीकडं चुलीपुढं बसलेल्या बाईचाही त्यात हिस्सा होता हे त्यांच्या गावीही नव्हतं. माझ्या मते व्यापाऱ्याला नकार देण्यात ते बरोबर होते आणि आईला न विचारण्यात चूक. एक खरं म्हणून दुसरं धुऊन निघत नाही.

आणि नानांचं? नाना महिनाभरात तालुक्याच्या गावी दुसऱ्याच्या लेथवर कामाला लागले. जाताना त्यांनी ती प्लायवुडची चकती मागितली. आबांनी पाचर ठोकून ती स्वतः सोडवून दिली, खुणा घासू नयेत म्हणून पोत्यात गुंडाळूनही दिली. बोलणं काही झालं नाही. नानांनी दोनशे घरांच्या बारा डायली केल्या. त्या पैशांतले काही आमच्याकडंही आले, आईनं ते घेतले, आणि आम्ही सगळ्यांनी ते खाल्ले. त्या डायलींबद्दल पुढं कुणाची तक्रार आल्याचं मी कधी ऐकलं नाही. वरची रेष, मधली रेष, ढिला नट, सगळं तसंच. पोरांनी त्यांवर कामं केली, कर्जं फेडली, काहींनी शेडांचे कारखाने केले. कुणी फसलंच नाही तर फसवणूक झाली का, असं नाना म्हातारपणी मला डोळे बारीक करून विचारायचे. मी म्हणायचो, तक्रार करायला आधी कळावं लागतं. ते म्हणायचे, कळलंच न्हाई तर दुखलं कुठं? इथं आमचं भांडण अडकायचं ते जेवणाची ताटं येईपर्यंत.

परवा पुतण्याच्या वर्कशॉपात गेलो होतो. त्यानं एका जुन्या मिलिंग मशीनला डिजिटल पाटी बसवली आहे. हिरवे आकडे, मिलिमीटरच्या पुढं तीन घरं. मूठ न हलवता बघत उभा राहिलो तर शेवटचा आकडा आपला शून्य-पाच, शून्य-पाच करत होता. मी विचारलं, यातला खरा कोणता?

"शेवटचा आकडा आम्ही बघतच नाही, काका."

"मग तो आहे कशाला?"

"त्याच्याशिवाय गिऱ्हाईक काम देत नाही," तो म्हणाला आणि जॉब बांधायला वाकला.